शिबिरातून घडलेला बदल टिकतो का, हे कसे तपासावे?

वाचकाचे पत्र, संक्षेपाने

मी ४७ वर्षांची असून कोल्हापुरातील एका बँकेत नोकरी करते. गेल्या मे महिन्यात माझी आई गेली. त्यानंतर झोप लागेनाशी झाली, घरात क्षुल्लक कारणांवरून माझा तोल जाऊ लागला आणि वाटणीच्या वादामुळे तीन वर्षांपासून ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्या भावाबद्दलचा राग आणखी वाढला. मैत्रिणीच्या आग्रहावरून नोव्हेंबरमध्ये मी आठ दिवसांच्या एका निवासी शिबिराला गेले. आईवडिलांकडून नकळत उचललेल्या सवयी आणि लहानपणच्या जखमा यांवर तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत काम करून घेतात. मी वेगळीच व्यक्ती होऊन परत आले, असे मला वाटते. यजमान म्हणतात, "हवापालट झाला, एवढेच, हळूहळू सगळे पूर्ववत होईल." आयोजक म्हणतात की त्यांच्याकडून बहुतेक सगळे समाधानी होऊनच जातात. दुसऱ्या टप्प्याची नोंदणी एप्रिलअखेर बंद होणार आहे आणि शुल्क माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढे आहे. माझी २१ वर्षांची मुलगी काही महिन्यांपासून फार गप्प असते. तिलाही पाठवावे असे मनात आहे. माझ्यातला बदल खरा आहे का आणि तो टिकेल का, हे मोजता येते का?

उत्तर

बदल मोजता येतो. मात्र त्यासाठी आपल्या एका प्रश्नात गुंतलेले तीन प्रश्न आधी सुटे करावे लागतील. आपण पूर्वीपेक्षा खरोखर वेगळ्या वागता आहात का, हा पहिला. तो फरक शिबिरामुळे पडला की एरवीही पडलाच असता, हा दुसरा. आणि वर्ष-दीड वर्षाने, शिबिराची ऊब ओसरल्यावर त्यातले किती उरेल, हा तिसरा. "मला वेगळे वाटते" हे या तिन्ही प्रश्नांचे उत्तर आहे असे सध्या धरले जात आहे. प्रत्यक्षात ते यांपैकी एकाचेही पुरेसे उत्तर नाही. हे म्हणताना आपल्या अनुभवावर मला अविश्वास दाखवायचा नाही. आईच्या मागे गेलेल्या त्या कठीण महिन्यांतून आपण सावरलात याचा मला मनापासून आनंद आहे, आणि जे सावरले आहे ते कशाच्या आधारावर उभे आहे हे आपल्याला नीट कळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

पहिल्या प्रश्नाच्या वाटेत सर्वांत मोठी अडचण आपल्या आठवणीची आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अभ्यासाची कौशल्ये सुधारण्याच्या वर्गात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी लगेच प्रवेश दिला आणि काहींना प्रतीक्षा यादीत ठेवले. आपली कौशल्ये किती आहेत हे सर्वांकडून सुरुवातीलाच लिहून घेतले होते. वर्ग संपल्यावर "तुम्ही तेव्हा काय लिहिले होते ते आठवून सांगा" असे विचारले, तेव्हा वर्गाला बसलेल्यांनी आपली पूर्वीची स्थिती प्रत्यक्ष लिहिली होती त्यापेक्षा वाईट होती असे सांगितले. वाट पाहत राहिलेल्यांच्या आठवणीत असा कल दिसला नाही. परीक्षेतील गुणांत मात्र वर्गामुळे काहीही सुधारणा झालेली नव्हती, आणि तरीही वर्गाला बसलेल्यांना पुढे काही महिन्यांनी आपले गुण प्रत्यक्षापेक्षा अधिक आठवत होते. यातले कोणीही खोटे बोलत नव्हते. कष्ट घेतले म्हणजे सुधारणा झालीच असणार, या अपेक्षेला जुळेल असा भूतकाळ मन आपोआप रचते. आपण आठ दिवस रात्रंदिवस कष्ट घेतलेत, डोळ्यांतून पाणी काढलेत, मोठी रक्कम मोजलीत. अशा वेळी "पूर्वीची मी" अधिक काळोखी दिसणे अगदी स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच ती आठवण हा पुरावा म्हणून कच्चा आहे.

दुसऱ्या प्रश्नाची अडचण काळाची आहे. अशा शिबिराला माणूस बहुधा आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवसांत जातो. सर्वांत वाईट दिवसांनंतर येणारे दिवस, काहीही न करता, बरेचदा थोडे बरे असतात. आपण आईच्या निधनानंतर सहा महिन्यांनी गेलात, आणि आज त्या दुःखाला वर्ष होत आले. झोप परत येणे, चिडचिड कमी होणे हे बहुतेक माणसांच्या शोकात काळाबरोबर घडतच असते. शिबिराने त्याला वेग दिला असेल, दिशा दिली असेल, किंवा ते केवळ योगायोगाने मध्ये आले असेल. एका व्यक्तीच्या अनुभवावरून यांतले काय खरे ते ठरवता येत नाही. म्हणूनच संशोधक ज्यांना जायचे आहे पण ज्यांची पाळी अजून आलेली नाही अशा लोकांशी तुलना करतात.

आपण वर्णन केलेल्या पद्धतीशी मिळतीजुळती अशी एक जुनी प्रक्रिया आहे. बॉब हॉफमन यांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ती सुरू केली आणि आईवडिलांकडून आलेल्या वर्तनाच्या घड्या ओळखून त्या सोडवणे हाच तिचा गाभा आहे. मायकेल लेव्हन्सन, कॅरोलिन ऑल्डविन आणि लोरिएना यानकुरा यांनी २००६ मध्ये तिच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९९ सहभागींची तुलना प्रतीक्षा यादीतल्या ४७ जणांशी केलेली होती. सहभागींमध्ये नैराश्यासारख्या नकारात्मक भावना कमी झाल्या, सकारात्मक भावना वाढल्या, आणि यांतले बहुतेक बदल वर्षानंतरही टिकून होते. या बदलांचा संबंध क्षमाशीलतेत आणि आध्यात्मिक अनुभवात झालेल्या वाढीशी दिसून आला. आपल्यासाठी ही आशादायक गोष्ट आहे आणि ती मी दडवणार नाही. तरी दोन मर्यादा ध्यानात ठेवा. हे सारे लोक स्वतःहून आलेले होते, त्यामुळे दुसऱ्याने पाठवलेल्या माणसाबद्दल त्यावरून काही म्हणता येत नाही. शिवाय अशा अभ्यासांतली मोजमापे मुख्यतः सहभागींनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभी असतात.

याच्या उलट बाजूचा अभ्यासही आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात 'द फोरम' नावाचे मोठ्या समूहाचे प्रशिक्षण फार लोकप्रिय होते. जेफ्री फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करताना सहभागींनाच विचारले की तुमच्यासारखा, तुमच्या वयाचा, पण तिथे न जाणारा माणूस कोण. आणि अशा माणसांशी तुलना केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्या हाती आहेत ही भावना काही आठवड्यांनंतर थोडी वाढलेली होती, पण दीड वर्षाने तो फरक उरला नव्हता. दीर्घकालीन लाभ दिसला नाही, तसे दीर्घकालीन नुकसानही दिसले नाही. आपली पद्धत वेगळी आहे, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याला लागू करू नये. पण महिन्याभराने मोजले असता एक उत्तर येते आणि दीड वर्षाने दुसरेच, एवढे त्यातून निश्चित घ्यावे.

तिसरे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते, आणि समाधान म्हणजे परिणाम असे ज्यांना वाटते त्या प्रत्येकाने ते जाणून घ्यावे असे मला वाटते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ मध्ये ५०६ मुलांना घेऊन एक उपक्रम सुरू झाला. वय, घरची परिस्थिती, स्वभाव पाहून मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणेफेक करून प्रत्येक जोडीतल्या एकाला सरासरी पाच वर्षे समुपदेशन, घरभेटी, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरे असे सारे दिले. दुसऱ्याला काहीच दिले नाही. जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनी या सर्वांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. उत्तरे देणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितले की या उपक्रमाचा आपल्याला उपयोग झाला, आणि अनेकांनी आपल्या समुपदेशकांची आठवण प्रेमाने काढली. नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या: पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू, यांत मदत मिळालेल्या गटाची स्थिती न मिळालेल्या गटापेक्षा वाईट होती. कृतज्ञता खरी होती, लाभ मात्र झालेला नव्हता. तुलनेचा गट नसता तर हा उपक्रम कायमचा यशस्वी म्हणून नोंदला गेला असता.

आता आपण काय करावे ते सांगते. शिबिरापूर्वीची मोजणी आपल्याकडे नाही. ती आता मागे जाऊन करता येणार नाही, पण त्या काळाच्या तारीखवार खुणा सापडतील. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत मैत्रिणीला, मुलीला, यजमानांना पाठवलेले मोबाइलवरचे संदेश वाचा. रजेच्या नोंदी, औषधांच्या पावत्या, झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेला असाल तर त्या कागदांवरच्या तारखा पाहा. घरात कोणत्या दिवशी काय बोलणे झाले हे या संदेशांतून जितके कळेल तितके आजच्या आपल्या स्मरणातून कळणार नाही. कदाचित आपण समजता तितक्या वाईट अवस्थेत नव्हता असे दिसेल. कदाचित त्याहून वाईट होता असेही दिसेल.

पुढच्या काळासाठी दोन छोट्या प्रश्नावल्या पुरेत. पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांची प्रश्नावली मराठीतही उपलब्ध आहे. तिच्यात मागच्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि एकूण गुण ० ते २७. साधारणपणे ५ गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात, एक-दोन गुणांची चढउतार दुर्लक्षित करावी. बेरीज १० किंवा अधिक आली, किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयीच्या नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसेल, तर मोजत बसू नका, तज्ज्ञांना भेटा. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची स्वास्थ्यसूची. तिची बेरीज ४ ने गुणून १०० पैकी गुण काढतात आणि १० गुणांचा फरक दखल घेण्याजोगा समजतात. या दोन्ही भरायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

पण आपल्या बाबतीत माझा खरा भर तिसऱ्या साधनावर आहे. थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्य केंद्रांसाठी ध्येयपूर्ती मोजण्याची एक रीत मांडली. माणसाने आपली ध्येये स्वतः ठरवायची आणि प्रत्येकासाठी उणे २ ते अधिक २ अशा पाच पायऱ्या, दुसऱ्यालाही डोळ्यांनी दिसतील अशा शब्दांत, आधीच लिहून ठेवायच्या. आपल्या पत्रातले भावाचे प्रकरण घ्या. "भावाबद्दल मनात कटुता नाही" ही पायरी होऊ शकत नाही, कारण ती कोणालाच दिसत नाही. त्याचा विषय निघताच आपण खोलीतून उठून जाता, हे उणे २. विषय निघाला तरी बसून राहता, हे उणे १. त्याला स्वतःहून फोन केला, हे ०. वर्षश्राद्धाला दोघे एकत्र बसून जेवलात, हे अधिक १. वाटणीच्या कागदांवर दोघे शांतपणे बोललात, हे अधिक २. असेच मुलीवर आवाज चढण्याविषयी आणि झोपेविषयी लिहा. तीन ध्येये पुरेत. मनातल्या प्रकाशापेक्षा अशा कृतीची मोजणी शिबिराच्या परिणामाविषयी कितीतरी अधिक सांगते, असे माझे ठाम मत आहे.

मोजणी कोणी करावी हेही महत्त्वाचे आहे. आपण भरा, यजमानांनीही त्याच पायऱ्यांवर, आपला कागद न पाहता, स्वतंत्रपणे भराव्यात. शक्य असल्यास बँकेतल्या अशा एखाद्या सहकारी बाईंना विचारा, ज्यांना आपण शिबिराला गेला होतात हे ठाऊक नाही, "गेल्या वर्षीपेक्षा माझ्या वागण्यात काही वेगळे जाणवते का?" एवढाच मोकळा प्रश्न विचारावा आणि चांगले की वाईट हे सुचवू नये. तीन कागदांतली उत्तरे जुळली तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी पक्के होईल. जुळली नाहीत तर त्या तफावतीवर घरात शांतपणे बोला, तीही एक महत्त्वाची माहिती आहे.

वेळापत्रक असे ठेवा: एक मोजणी आत्ता, मार्चअखेरीची धावपळ संपल्यावर, दुसरी ऑगस्टमध्ये, तिसरी नोव्हेंबरमध्ये, वर्ष पूर्ण होताना, आणि शेवटची पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे शिबिराला दीड वर्ष झाल्यावर. दिवाळीच्या आठवड्यात मोजू नका. उलट एखादी मोजणी मुद्दाम कठीण काळात येऊ द्या. छपराची डागडुजी नीट झाली की नाही हे कोरड्या दिवसांत कळत नाही, त्यासाठी पाऊस पडावा लागतो. आईचे वर्षश्राद्ध, भावाची अचानक भेट, पुढच्या वर्षाचा मार्च, हे आपले पावसाचे दिवस आहेत. अशा दिवसांत पूर्वीसारखा एखादा भडका उडाला तर सगळे वाया गेले असे समजू नका. भडक्यानंतर किती वेळाने सावरलात, हे त्या वेळी लिहून ठेवा, कारण टिकणारा बदल बहुधा सावरण्याच्या वेगात आधी दिसतो.

शिबिरात शिकवलेले रोजचे लेखन किंवा ध्यान आपण करीत असाल तर तेही कॅलेंडरवर खुणा करून नोंदवा. समजा वर्षाने बदल टिकलेला दिसला आणि रोजचा सरावही चालू असला, तर श्रेय आठ दिवसांचे की तीनशे दिवसांच्या सरावाचे, हा रास्त प्रश्न उरतो, आणि दुसऱ्या टप्प्यावर पैसे खर्च करण्याआधी त्याचे उत्तर हवे. शिवाय कोणता निकाल आला तर "बदल टिकला नाही" असे आपण मान्य कराल, हे आजच लिहून, पाकिटात घालून यजमानांकडे द्या. निकाल आल्यावर कसोटी ठरवायला बसलो की ती निकालाला जुळेल अशीच ठरते.

यजमानांचे म्हणणेही तपासता येते, आणि ते तपासायला त्यांनी तयार असायला हवे. सुट्टीने येणारा टवटवीतपणा काही आठवड्यांत ओसरत जातो असे सुट्ट्यांवरच्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. आपल्याला परतून पाच महिने होत आले. आत्ताच्या मोजणीत, त्यांच्या स्वतःच्या कागदावरही, फरक दिसत असेल तर केवळ हवापालट हे स्पष्टीकरण अपुरे पडते. शोकाचा नैसर्गिक उतार हे दुसरे स्पष्टीकरण मात्र तरीही शिल्लक राहते आणि एका व्यक्तीच्या बाबतीत ते पूर्णपणे दूर करता येणार नाही. एवढी अनिश्चितता आपल्याला स्वीकारावी लागेल.

आयोजकांना काही प्रश्न लेखी विचारा. समाधानाची नोंद शेवटच्या दिवशी, गळाभेटी चालू असताना, त्यांच्याच माणसांसमोर घेतली की काही महिन्यांनी बाहेरच्या कोणी घेतली? मधेच निघून गेलेल्यांची गणना त्यात आहे का? न गेलेल्या कोणाशी तुलना केली आहे का? आणि ज्यांना त्रास झाला त्यांची नोंद कोण ठेवते? शेवटच्या प्रश्नाला "आमच्याकडे कोणाला त्रास होत नाही" असे उत्तर आले तर सावध व्हा. स्टॅनफर्ड विद्यापीठात मॉर्टन लीबरमन, अर्विन यालोम आणि मॅथ्यू माइल्स यांनी अशाच तीव्र समूह-अनुभवांचा अभ्यास केला होता. विद्यार्थ्यांच्या १८ गटांवरचा तो अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गट पूर्ण करणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के जणांना टिकून राहिलेली मानसिक इजा झाल्याचे आढळले, आणि ही इजा गट चालवणाऱ्यांच्या सहसा लक्षातही आलेली नव्हती. गटातल्या इतर सदस्यांनी ती अधिक अचूक ओळखली होती. म्हणून आयोजक प्रामाणिक असले तरी त्यांचे अज्ञान शक्य आहे.

आता मुलीविषयी सांगते. तिला शिबिराला पाठवू नका. आपल्याला जे मानवले ते तिला मानवेल असे मानायला आधार नाही, आणि ती काही महिन्यांपासून गप्प आहे तर त्या गप्प राहण्याचे कारण आधी कळले पाहिजे. ते नैराश्य असेल, एखाद्या नात्यातला धक्का असेल, अभ्यासाचे ओझे असेल, किंवा आजी गेल्याचे दुःख असेल, ज्याबद्दल तिला घरात कोणी विचारलेच नसेल. तिच्याशी निवांत बोला, आणि तिची तयारी असेल तर परवानाधारक चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे तिला एकटीला बोलू द्या. टेली-मानस या शासनाच्या निःशुल्क सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतही बोलता येते, आणि पालक म्हणून आपणही फोन करू शकता. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काही ती बोलली तर त्याच दिवशी मदत घ्या. पुढे कधी तिलाच अशा शिबिराला जावेसे वाटले तर तो निर्णय तिचा असावा, आणि त्याआधी तज्ज्ञांचा सल्ला घेतलेला असावा. पूर्वी तीव्र नैराश्य, उन्मादाचे झटके किंवा भास झालेल्या माणसाने तर तो सल्ला घेतल्याशिवाय अशा तीव्र प्रक्रियेत उतरूच नये.

दुसऱ्या टप्प्याची एप्रिलअखेरची मुदत जाऊ द्या. नोव्हेंबरची मोजणी हाती येईपर्यंत तो टप्पा आपल्याला हवा आहे की नाही हे आपल्यालाच कळणार नाही, आणि थांबण्याने आतापर्यंत मिळालेले काही हिरावले जाणार नाही. दरम्यान भावाला फोन करायचा असेल तर त्यासाठी मात्र कोणत्याही मोजणीची वाट पाहू नका. आईचे वर्षश्राद्ध मे महिन्यात आहे.